घरातील बिनतारी जाळे

नागपूर शहराच्या उत्तरेस कोराडी हे गाव आहे. जगदंबेचे देवस्थान, विस्तीर्ण तलाव आणि औष्णिक विद्युत केंद्र या तीन गोष्टींमुळे त्याचे नाव साऱ्या विदर्भात परिचित झाले आहे. या केंद्रातील पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. पुढे जुने संच थकत गेले आणि अधिक शक्तिशाली असे नवे संच उभे राहिले. आज येथे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत. केंद्रातून निघालेली वीज उंच लोखंडी मनोऱ्यांवरील जाड तारांतून दूरदूरच्या गावांकडे जाते. ती तार कोठून आली आणि कोणत्या दिशेस गेली, हे शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या मुलासही डोळ्यांनी पाहता येते.

याच गावातील घराघरांत आता आणखी एक जाळे पसरले आहे. त्याला ना मनोरा, ना तार. भिंतीवर टांगलेल्या एका लहानशा डब्यातून ते निघते आणि शेजारच्या खोलीतील संगणकापर्यंत, आजीच्या हातातील मोबाइलपर्यंत विनासायास पोहोचते. यास घरातील बिनतारी जाळे म्हणतात. बोलताना सर्वजण त्यास ‘वाय-फाय’ म्हणतात. ते सुरळीत चालू असते तोवर त्याची कोणास आठवणही होत नाही. ते बंद पडले म्हणजे मात्र घरात एकच गोंधळ उडतो. कोणी डब्यावर चापटी मारतो, कोणी कंपनीस दूषणे देतो, तर कोणी सगळी बटणे एकदम दाबून पाहतो. जी वस्तू दिसतच नाही, तिच्यातील बिघाड शोधावा तरी कसा, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः दिसणाऱ्या तारेतील बिघाड ज्या रीतीने शोधतात, त्याच रीतीने न दिसणाऱ्या लहरीतील बिघाडही शोधता येतो. ती रीत समजून घ्यावयाची असेल, तर प्रथम या जाळ्याची घडण पाहिली पाहिजे.

बिनतारी संदेशांची कथा दीडशे वर्षांहून जुनी आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये गणिताच्या आधारे असे दाखविले की, विजेच्या आणि चुंबकाच्या शक्तीतून लहरी उत्पन्न होतात आणि त्या प्रकाशाच्या वेगाने धावतात. हा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर इतका आहे. पुढे सुमारे वीस वर्षांनी जर्मनीतील हाइन्रिश हर्ट्झ यांनी अशा लहरी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष निर्माण केल्या. आपल्या देशातही या विषयाचा अभ्यास फार लवकर सुरू झाला. १८९५ च्या सुमारास कलकत्ता येथे जगदीशचंद्र बसू यांनी अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली. ते पाहून लोक चकित झाले. बसूंच्या प्रयोगांतील काही लहरी तर अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संदेश पोहोचविला. तेव्हापासून रेडिओ, दूरदर्शन, मोबाइल अशी या लहरींची वंशावळ वाढतच गेली. वाय-फाय हे त्याच कुळातील एक धाकटे भावंड होय.

मोठ्या अंतरावर संदेश पाठविणाऱ्यांना जी अडचण येत नसे, ती घरात लहरी पाठवताना आली. मोकळ्या मैदानात हाक मारली तर ती एकदाच ऐकू येते. परंतु रिकाम्या, मोठ्या दालनात हाक मारली तर भिंतींवर आदळून तिचे प्रतिध्वनी उमटतात आणि बोललेले शब्द एकमेकांत मिसळून जातात. खोलीतील लहरींचेही असेच होते. एकच लहर थेट येते, छतावरून परतून येते आणि कपाटावर आपटूनही येते. या तिन्ही क्षणभर मागेपुढे पोहोचतात आणि संदेशाचा गोंधळ होतो. ऑस्ट्रेलियातील शासकीय विज्ञान संस्थेत काम करणाऱ्या जॉन ओ’सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर उपाय शोधला. ओ’सुलिव्हन यांनी पूर्वी आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरींचा अभ्यास केला होता. ताऱ्यांच्या अभ्यासात हाती आलेले गणित घरातील प्रतिध्वनी दूर करण्यास उपयोगी पडले. त्यांच्या या शोधास १९९६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. १९९७ मध्ये बिनतारी जाळ्यांसाठी जगभर एकच नियमावली ठरली आणि १९९९ पासून ‘वाय-फाय’ हे नाव प्रचारात आले. भारतात २००५ पासून या कामासाठी लागणाऱ्या एका लहरपट्ट्याचा वापर परवान्याशिवाय करण्याची मुभा मिळाली. त्यामुळे साध्या घरातही असे जाळे उभारणे शक्य झाले.

आता हे जाळे कोणकोणत्या कड्यांनी बनलेले असते ते पाहू. पहिली कडी म्हणजे इंटरनेट पुरविणारी कंपनी. तिच्या केंद्रापासून गावापर्यंत काचेचा तंतू येतो. ही दुसरी कडी. केसाइतक्या बारीक अशा या तंतूतून प्रकाश धावतो आणि त्या प्रकाशाच्या लुकलुकण्यातच सारा मजकूर साठविलेला असतो. तिसरी कडी म्हणजे घरात भिंतीवर बसविलेला डबा. तो प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करतो. चौथी कडी म्हणजे राउटर. आलेला मजकूर कोणाचा आहे हे पाहून तो ज्याच्या त्याच्याकडे पाठविण्याचे काम राउटर करतो. गावातील पोस्टमन जसा पत्ता वाचून पत्र योग्य दारी टाकतो, तसेच हे काम आहे. पुष्कळ घरांत तिसरी आणि चौथी कडी एकाच डब्यात असते. राउटरपासून निघणारी लहर ही पाचवी कडी, आणि ती ग्रहण करणारा मोबाइल किंवा संगणक ही सहावी. शिवाय या सर्वांस जागे ठेवणारी वीज लागते, ती वेगळीच. मजकूर आपल्यापर्यंत यावयाचा असेल तर सहाही कड्या शाबूत असल्या पाहिजेत. एक जरी तुटली, तरी परिणाम एकच दिसतो: पडद्यावरील पान उघडत नाही. परिणाम एकच असला तरी कारणे अनेक असू शकतात, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी.

येथे एका सामान्य गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. मोबाइलच्या पडद्यावर पंख्याच्या आकाराची लहान खूण दिसते. ती पूर्ण भरलेली असली म्हणजे इंटरनेट उत्तम चालू आहे, असे अनेकजण समजतात. ही खूण केवळ पाचव्या कडीविषयी सांगते. राउटरची लहर मोबाइलपर्यंत जोराने पोहोचत आहे, एवढाच तिचा अर्थ. त्यापलीकडचा तंतू तुटला असेल, तर खूण भरलेली राहते आणि पान मात्र उघडत नाही. घरातील नळ चकचकीत आहे म्हणून गावाच्या टाकीत पाणी असेलच असे नाही.

जाळे उभारताना राउटर कोठे ठेवावा, हा पहिला विचार करावा लागतो. वाय-फायच्या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतात आणि अशा लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. दुसऱ्या प्रकारच्या लहरी सेकंदाला ५०० कोटींहून अधिक वेळा कंप पावतात आणि त्यांची लांबी सहा सेंटिमीटरांहून कमी भरते. रेडिओच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांब असतात. त्या टेकड्यांना वळसा घालून दूरवर जातात. वाय-फायच्या आखूड लहरींना हे साधत नाही. विटांची भिंत त्यांचा काही अंश शोषून घेते. सिमेंटच्या स्लॅबमधील लोखंडी जाळी, पत्र्याचे कपाट आणि आरसा त्यांना परतवून लावतात. पाणी त्यांना गिळून टाकते. म्हणून राउटर शक्य तो घराच्या मध्यभागी, थोड्या उंचीवर आणि मोकळ्या जागी ठेवावा. शोभा बिघडते म्हणून पुष्कळजण त्यास कपाटात कोंडून ठेवतात. तसे करणे म्हणजे दिवा लावून त्यावर भांडे उपडे घालण्यासारखे आहे.

वर सांगितलेल्या दोन लहरींपैकी लांब लहर भिंतीपलीकडे अधिक दूर जाते, परंतु तिच्या पट्ट्यात गर्दी फार असते. शेजाऱ्यांचे राउटर, बिनतारी माउस, इतकेच नव्हे तर अन्न गरम करणारी मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्याच्या जवळपास काम करते. आखूड लहर अधिक मजकूर वाहून नेते आणि तिच्या पट्ट्यात गर्दीही कमी असते, परंतु भिंतीपुढे ती लवकर थकते. म्हणून जवळच्या संगणकासाठी आखूड लहर आणि दूरच्या खोलीसाठी लांब लहर वापरणे सोयीचे ठरते. लांब लहरीच्या पट्ट्याचे अनेक भाग पाडलेले असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. त्यांपैकी १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर आक्रमण करीत नाहीत. शेजारी पहिल्या चॅनेलवर असेल, तर आपण सहावा किंवा अकरावा घ्यावा. भरल्या बाजारात दोन माणसांनी थोडे बाजूला होऊन बोलावे, तसेच हे आहे.

जागा ठरल्यावर जाळ्यास नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. दाराला कडी लावल्याशिवाय कोणी रात्री झोपत नाही. बिनतारी जाळ्याची भिंत तर लहरींना दिसतही नाही, त्या रस्त्यापर्यंत जातात. म्हणून पासवर्ड लांब असावा आणि त्यात स्वतःचे नाव, जन्मतारीख किंवा मोबाइलचा क्रमांक नसावा. राउटरची व्यवस्था बदलण्यासाठी दुसरा एक पासवर्ड असतो. तो कारखान्यातून जसा आला तसाच पुष्कळ घरांत राहून जातो. तोही घरातील मोठ्या माणसांकडून आठवणीने बदलून घ्यावा.

एवढी काळजी घेतली तरी बिघाड हा व्हावयाचाच. तो कसा शोधावा, हे समजण्यासाठी कोराडीतील एका घराची कल्पना करू. मे महिना आहे. ऊन असे की दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. घरातील थोरल्या मुलीस महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज भरावयाचा आहे आणि त्याची मुदत दुसऱ्या दिवशी सायंकाळी संपणार आहे. मागच्या खोलीत संगणकापुढे ती बसलेली आहे. पान अर्धे उघडते आणि तेथेच थांबते. कालही असेच झाले होते, परवाही झाले होते.

“ताई, डब्याच्या मागे एक बारीक छिद्र आहे. त्यात टाचणी घालून दाबली की सारे नव्याने सुरू होते,” धाकटा भाऊ म्हणाला आणि टाचणी शोधू लागला.

आजोबा आरामखुर्चीत बसले होते. त्यांची सारी नोकरी वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात गेली होती. ते म्हणाले, “थांब बाळ. त्या छिद्रातील बटणाने डबा नुसता पुन्हा सुरू होत नाही. त्यात साठविलेले नाव, पासवर्ड, कंपनीने भरलेली माहिती, सारे पुसले जाते. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत हात जोडून बसावे लागेल, आणि मुदत तर उद्याची आहे.”

“मग काय करावे, आजोबा?” मुलीने विचारले.

“आमच्या केंद्रात एक शिस्त होती. बिघाड झाला की कोणी एकदम हात घालावयाचा नाही. आधी कोणते भाग ठीक आहेत ते ठरवावयाचे. जे ठीक ठरेल त्यावर रेघ मारावयाची. शेवटी जे उरेल, तेथेच बिघाड. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. तू वही घे.”

मुलीने वहीत सहा कड्यांची नावे एकाखाली एक लिहिली. मग तिघेही राउटर असलेल्या बैठकीच्या खोलीत आले. भावाने तेथे मोबाइलवर एक पान उघडले. ते झटकन उघडले. “कंपनी ठीक, तंतू ठीक!” तो आनंदाने म्हणाला. आजोबांनी विचारले, “हे पान वाय-फायवरून आले की मोबाइलच्या स्वतःच्या डेटावरून?” भाऊ ओशाळला. त्याने मोबाइलचा डेटा बंद केला आणि पुन्हा पान उघडले. या वेळीही ते उघडले. आता पहिल्या चार कड्यांवर खात्रीने रेघ मारता आली. त्यानंतर मुलीने संगणक उचलून बैठकीच्या खोलीत आणला. जे पान मागच्या खोलीत अडत होते, ते येथे लगेच उघडले. संगणकावरही रेघ मारली गेली. उरली फक्त पाचवी कडी, म्हणजे दोन खोल्यांमधील लहर.

“आता लहर कोठे थांबते ते पाहा,” आजोबा म्हणाले. भाऊ मोबाइल हातात घेऊन राउटरपासून मागच्या खोलीकडे एकेक पाऊल मोजीत चालू लागला आणि पंख्याची खूण पाहून ताईला सांगू लागला. पाचव्या पावलापर्यंत खूण भरलेली होती. सहाव्या पावलावर ती एकदम अर्ध्यावर आली. तेथे मधल्या दाराशी लोखंडी स्टँडवर पत्र्याचा मोठा कूलर उभा होता. दोन्ही खोल्यांत गार वारा यावा म्हणून तो चार दिवसांपूर्वीच तेथे आणला होता. घराच्या भिंती जाड होत्या, त्यामुळे लहरी बहुतांशी दारातूनच आत जात. आता त्या दारात पत्रा आणि पाणी असे दोन पहारेकरी उभे राहिले होते. कूलर खिडकीशी नेला. खिडकी हीच त्याची योग्य जागा, कारण तेथे त्यास बाहेरची कोरडी हवा मिळते. मागच्या खोलीतील खूण पुन्हा वर चढली आणि अर्जाचे पान उघडले.

सर्वांस वाटले, काम संपले. परंतु तीन वाजता अर्ज अर्धा भरून झाला असताना पान पुन्हा अडले. भाऊ निराश होऊन म्हणाला, “कूलरचे काही नव्हतेच!” आजोबा म्हणाले, “कूलर हलवल्यावर खूण वाढली, हे तू स्वतः पाहिलेस. ते खोटे कसे ठरेल? एका घरात एकाच वेळी दोन बिघाड असू शकतात. वहीचे नवे पान उघडा.”

या वेळी राउटरवरील सर्व दिवे विझले होते आणि थोड्या वेळाने ते एकेक करून पुन्हा लागले. वीज गेली होती काय? नाही, कारण छतावरील पंखा फिरतच होता. आजोबांनी राउटरला हात लावला, तो चांगलाच तापला होता. काचेच्या दाराच्या कपाटात, दूरदर्शनच्या डब्याला चिकटून तो ठेवला होता. बहुतेक घरगुती राउटर भोवतालचे तापमान ४० अंश सेल्सियसपर्यंत असावे अशा बेताने बनविलेले असतात. नागपूर भागात मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ अंशांच्याही वर जातो. बंद कपाटात तर हवा हलतच नाही. भावाने राउटर आणि त्याचा अ‍ॅडॉप्टर असे दोन्ही बदलण्याचे सुचविले. परंतु ताईच म्हणाली, “दोन्ही बदलले तर दोष कोणाचा होता हे कधीच कळणार नाही.” तिने अ‍ॅडॉप्टर तोच ठेवला आणि राउटर फक्त बाहेर काढून उघड्या फळीवर ठेवला. दर अर्ध्या तासाने दिवे पाहून तिने वहीत नोंद केली. सायंकाळपर्यंत दिवे एकदाही विझले नाहीत. रात्री नऊ वाजता अर्ज पूर्ण झाला आणि त्याची पोचपावती मिळाली.

या प्रसंगात कोणतेही यंत्र विकत आणावे लागले नाही, कोणी कंपनीशी भांडले नाही आणि डब्यास कोणी चापटीही मारली नाही. जे कळले ते क्रमाने पाहिल्यामुळे कळले.

प्रत्येक घरात कूलर आणि कपाट हीच कारणे असतील असे नाही. म्हणून इतर लक्षणेही ओळखता आली पाहिजेत. डब्यावरील एकही दिवा लागत नसेल, तर वीज, बटण आणि अ‍ॅडॉप्टरची पिन प्रथम पाहावी. ‘एल-ओ-एस’ अशी अक्षरे असलेला दिवा लाल झाला असेल, तर काचतंतूतून प्रकाश येत नाही असे समजावे. कधी तो तंतू खिळ्यावरून फार वाकलेला असतो, कधी उंदराने कुरतडलेला असतो, तर कधी रस्ता खोदताना तुटलेला असतो. अशा वेळी कंपनीस कळविणे हाच मार्ग होय. तुटलेल्या तंतूच्या टोकाकडे डोळा लावून मुळीच पाहू नये, कारण त्यातील प्रकाश दिसत नसला तरी तो डोळ्यास अपायकारक ठरू शकतो. सर्व यंत्रे चालू असून एकच मोबाइल जोडला जात नसेल, तर त्यातील जुने जाळे विसरावयास लावून पासवर्ड पुन्हा घालावा. सर्वत्र वेग मंद असेल, तर संगणक तारेने थेट राउटरला जोडून पाहावा. तारेवर वेग चांगला आला तर दोष लहरीत आहे. तारेवरही मंदच राहिला तर दोष राउटरमध्ये किंवा त्यापलीकडे आहे. केवळ मायक्रोवेव्ह भट्टी चालू असतानाच लहर अडखळत असेल, तर कारण स्वयंपाकघरात शोधावे. राउटर एकदा बंद करून मिनिटभराने चालू करण्यास हरकत नाही; पुष्कळदा तेवढ्याने काम होते. मात्र रोजच तसे करावे लागत असेल, तर खरा बिघाड अजून सापडलेला नाही असे समजावे.

कंपनीस कळविताना देखील ही नोंदवही उपयोगी पडते. “आमचे नेट चालत नाही” असे सांगणाऱ्यास काय उत्तर द्यावे, हे ऐकणाऱ्यास सुचत नाही. “सकाळी दहापासून लाल दिवा लागला आहे, अ‍ॅडॉप्टर ठीक आहे, तारेने जोडूनही पान उघडत नाही,” असे सांगितले म्हणजे येणारा कारागीर योग्य साहित्य घेऊनच येतो. त्याचा वेळ वाचतो आणि आपलाही.

या ज्ञानाचे मोल किती, हे २०२० साली सर्वांस कळून चुकले. कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. ज्यांच्या घरी जाळे होते, त्यांचे शिक्षण चालू राहिले. ज्यांच्या घरी नव्हते, त्यांस फार कष्ट पडले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीस घरी लहर मिळत नव्हती, म्हणून तिच्या भावांनी डोंगरावर झोपडी बांधून दिली आणि भर पावसाळ्यात ती तेथे बसून शिकली. अशा काळात शेजारच्या घरातील राउटर योग्य जागी ठेवून देणारा, आजीबाईंच्या मोबाइलमध्ये पासवर्ड घालून देणारा मुलगा केवढे मोठे काम करतो! तो कोणास पैसे देत नाही. परंतु एका घराचे दार जगाकडे उघडून देतो.

कोराडीच्या मनोऱ्यांवरील तार तुटली, तर तिच्या वाटेने चालत जाऊन तुटलेली जागा शोधता येते. लहरीची वाट डोळ्यांस दिसत नाही, म्हणून ती विचाराने चालावी लागते. कोणती कडी ठीक आहे हे आधी ठरवावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, जे पाहिले ते लिहून ठेवावे आणि खात्री होईपर्यंत कोणासही दोष देऊ नये. एवढे ज्यास साधले, त्यास उद्या नवी यंत्रे आली तरी भय वाटणार नाही.

स्वाध्याय

१. घरातील बिनतारी जाळ्याच्या सहा कड्या कोणत्या? प्रत्येकीचे काम एका वाक्यात लिहा.

२. मोबाइलवरील पंख्याची खूण भरलेली असूनही पान उघडत नाही, याचे कारण सांगा.

३. कारणे द्या : (अ) आजोबांनी छिद्रातील बटण दाबू दिले नाही. (आ) भावाने मोबाइलचा डेटा बंद केला. (इ) ताईने अ‍ॅडॉप्टर बदलला नाही.

४. ‘दिवा लावून त्यावर भांडे उपडे घालणे’ या वाक्याचा पाठातील संदर्भ स्पष्ट करा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : विनासायास, दूषणे देणे, ओशाळणे, पोचपावती.

६. आपल्या घराचा किंवा शाळेचा नकाशा काढा. राउटर कोठे ठेवावा ते खुणेने दाखवा आणि लहरींना अडविणाऱ्या वस्तू कोणत्या, ते लिहा.